लोहाचा साठा आणि यकृताचे मौन



लोह म्हटले की पंडुरोग आणि लोहाच्या गोळ्या आपल्याला आठवतात. पण लोह अधिक झाल्यानेही माणूस दगावतो, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

निरोगी शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते. आतडे रोज एकदोन मिलिग्रॅम आत घेते आणि तेवढेच झिजेवाटे जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. सारी भिस्त आतड्याच्या दारावरील पहाऱ्यावर. काही घराण्यांत हा पहारा जन्मतःच सैल असतो. मग कणाकणाने साठा २० ग्रॅमच्याही वर जातो. यकृत निबर होते, मधुमेह जडतो, कातडी काशाच्या रंगाची होते.

पॅरिसच्या त्रूसो यांनी १८६५ मध्ये असा रोगी वर्णिला. १८८९ मध्ये फॉन रेकलिंगहाउसेन यांनी त्यास 'हीमोक्रोमॅटोसिस' हे नाव दिले. इंग्लंडच्या शेल्डन यांनी १९३५ मध्ये ३११ रोग्यांची छाननी करून रोग आनुवंशिक असल्याचे प्रतिपादिले. तरी पुढेही कित्येक विद्वान मद्यालाच दोष देत राहिले. अखेर १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना सदोष जनुक सापडला. पाठोपाठ हेप्सिडिनचा शोध लागला. आतड्याच्या पहाऱ्याला हुकूम देणारे हे द्रव्य यकृतातच तयार होते! म्हणजे पहाऱ्याचा नाईक यकृत, आणि पहिला बळीही तेच.

उपाय मात्र जुनाच: रक्त काढणे. अर्धा लिटर रक्ताबरोबर सुमारे पाव ग्रॅम लोह जाते. यकृत निबर होण्यापूर्वी उपचार झाले तर रोगी इतरांइतकाच जगतो, असे १९८५ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखविले. सारा प्रश्न वेळेचा आहे, आणि यकृत तर फार उशिरा कुरकुरते.

हा जनुकदोष मुख्यतः उत्तर युरोपीय वंशात आढळतो. आपल्याकडे तो विरळा. आपल्याकडील आनुवंशिक लोहसंचयाचे मोठे कारण थॅलेसेमिया. त्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यातूनच लोह साठते. तेथे रक्त काढून चालत नाही. लोह बांधून बाहेर नेणारी औषधे नेमाने द्यावी लागतात.

दोन्हींत धडा एकच. मायबाप दोघेही दोष वाहत असतील तर प्रत्येक अपत्याला तो दुहेरी मिळण्याचा संभव चारांत एक. म्हणून घरात एकाला रोग निघाला की धडधाकट दिसणाऱ्या भावंडांचेही रक्त तपासून घ्यावे. रोग एकाचा असला तरी तपासणी घराची, एवढे ध्यानात ठेवावे ही विनंती.