सत्ताधारी बाकावरचा प्रश्नकर्ता

(संसदीय परंपरेवरील व्याख्यानाचे शब्दांकन)



संसदेविषयी बोला, असे संयोजकांनी सुचवले तेव्हा माझ्यापुढे दोन मार्ग होते. घटनेतील कलमे, सभागृहाचे नियम, अधिकार यांची माहिती सांगणे हा एक. ती पुस्तकांत मिळते. दुसरा मार्ग म्हणजे संसदेच्या आयुष्यातला एखादाच दिवस उचलून तो नीट न्याहाळणे. मी दुसरा मार्ग पत्करला आहे. तो दिवस 16 डिसेंबर 1957, सोमवार.

हाच दिवस का निवडला, त्याला एक घरगुती कारण आहे. माझी हयात विमा व्यवसायात गेली. आमच्या घरी आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली वडिलांच्या विम्याचा कागद घडी घालून ठेवलेला असे. किराणा उधारीवर येई. पण हप्ता कधी चुकला नाही. त्या सोमवारी लोकसभेत ज्या पैशांवर चर्चा झाली, ते पैसे अशा ट्रंकांमधले होते.

त्या वेळचे सभागृह डोळ्यांसमोर आणा. दुसरी लोकसभा नुकतीच निवडून आली होती. 494 जागांपैकी 371 काँग्रेसकडे. पंडित नेहरूंच्या शब्दापुढे शब्द नाही, असा तो काळ. आपल्या विचारांचे म्हणावेत असे जनसंघाचे खासदार अवघे चार, आणि त्यांपैकी दोन महाराष्ट्राचे: धुळ्याचे उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीचे प्रेमजीभाई आसर. बलरामपूरहून आलेल्या अटलजींना अजून तेहतीस पूर्ण व्हायची होती. एवढ्या बलाढ्य सरकारला जाब कोण विचारणार? पण जाब विचारला गेला, आणि तो सत्ताधारी बाकावरून! विचारणारे होते रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी, खुद्द पंतप्रधानांचे जावई.

फिरोज गांधींचा जन्म आपल्या मुंबईतला. 1952 मध्ये ते लोकसभेत आले; पण पहिली तीन-साडेतीन वर्षे सभागृहात त्यांचा आवाज फारसा ऐकूच आला नाही. सासऱ्यांच्या पुण्याईवर आलेला एक मुका खासदार, असे कुणी म्हटले असते तर ते खपून गेले असते. डिसेंबर 1955 मध्ये ते उभे राहिले आणि दालमिया समूहाच्या विमा कंपनीत विमाधारकांचा पैसा कसा फिरवला जात होता, ते त्यांनी आकड्यांनिशी मांडले. पुढे रामकृष्ण दालमियांना तुरुंगात जावे लागले. त्या भाषणानंतर दीड महिन्यात, 19 जानेवारी 1956 रोजी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. अडीचशेच्या आसपास खासगी विमा कंपन्या व संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. आता मालक सरकार. म्हणजे पैसा सुरक्षित, असा सर्वांचा समज झाला.

तो समज वर्षभरही टिकला नाही. जून 1957 मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. त्यांत रिचर्डसन अँड क्रुडास होती, जेसॉप होती, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती. मुंदडांची पत त्या वेळी डळमळीत होती, आणि ही गोष्ट बाजारात काही गुपित नव्हती. महामंडळाची एक गुंतवणूक समिती होती. तिला विचारले गेले नाही. महामंडळाच्या कायद्यातील कलम 21 प्रमाणे सार्वजनिक हिताच्या धोरणाविषयी सरकारला निर्देश द्यायचा असेल, तर तो लेखी द्यावा लागतो. तसा कागद नव्हता. कलकत्त्याचा शेअर बाजार घसरू नये म्हणून ही खरेदी केली, असे समर्थन नंतर पुढे आले. बाजार सावरायचा तर एकाच माणसाच्या कंपन्या का, या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते.

आता संसदेच्या कामकाजातली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती वृत्तपत्रे वाचताना सहसा ध्यानात येत नाही. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते, आणि त्यावर सदस्यांना पुरवणी प्रश्न विचारता येतात. मूळ प्रश्नाचे उत्तर कार्यालय लिहून देते. पुरवणी प्रश्नाचे उत्तर मंत्र्याचे स्वतःचे असते. म्हणून खरी परीक्षा पुरवणी प्रश्नाची. 1957 च्या सप्टेंबरात या व्यवहाराविषयी विचारणा झाली, तेव्हा मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेण्यात आली. नोव्हेंबरच्या अखेरीस विषय पुन्हा आला. दोन्ही वेळची उत्तरे अर्थातच कामकाजाच्या नोंदीत गेली. उत्तर टाळणाऱ्या मंत्र्याला वाटते, प्रसंग निभावला. पण टाळलेले उत्तरही छापील असते, आणि कुणीतरी ते जपून ठेवतो.

16 डिसेंबरला फिरोज गांधींनी ते सारे बाहेर काढले. जे महामंडळ संसदेने स्वतः निर्माण केले, त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे कर्तव्यही संसदेचेच, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र. आणि त्यानंतर भाव. कोणत्या दिवशी बाजारात काय भाव होता आणि महामंडळाने काय भाव दिला, खरेदीच्या आधीच्या दिवसांत भाव कसा चढला, नंतर कसा उतरला. एकेका कंपनीचा हिशेब. आरोप करताना आवाज चढवावा लागतो; हिशेब सांगताना त्याची गरज पडत नाही. समोर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी होते, हुशार आणि वादात सहसा हार न जाणारे. विरोधकाला ते म्हणू शकले असते की हा राजकीय हेतू आहे. आपल्याच पक्षाच्या सदस्याला, त्यातून पंतप्रधानांच्या जावयाला, ते काय म्हणणार? अखेर चौकशी मान्य करावी लागली.

पुढचा अंक मुंबईत घडला. जानेवारी 1958 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचे एकसदस्य आयोग नेमले गेले. छागलांनी चौकशी उघडपणे घेतली. सामान्य माणसांची एवढी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. देशाचे अर्थमंत्री, अर्थसचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार यांची साक्ष मुंबईचा कारकून रस्त्यात उभा राहून ऐकत होता! दिल्लीला हा उघडपणा रुचला नाही. पण आयोगाचे काम महिन्याभरात आटोपले. आज आयोगांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळताना पाहिली की या महिन्याची आठवण येते.

अर्थमंत्र्यांचे म्हणणे असे की सचिवाने केले, मला त्याची नीट कल्पना नव्हती. छागलांनी ते मानले नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. काम अंगाशी आल्यावर तो हात झटकू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांची पाठराखण केली, पण राजीनामा स्वीकारला आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प स्वतः मांडला. मुंदडा तुरुंगात गेले. अर्थसचिव पटेल सेवेतून बाहेर पडले. कृष्णम्माचारी मात्र 1962 मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले. राजकारणाची स्मरणशक्ती तेव्हाही अशीच होती.

येथे थोडे आपल्याविषयी बोलणे भाग आहे, आणि ते या व्यासपीठावरून बोलायचे नाही तर कोठून? पहिल्या लोकसभेच्या 677 बैठका झाल्या. 2019 ते 2024 या काळातील सतराव्या लोकसभेच्या 274. त्या काळात सत्तेवर कोण होते, हे आपणास सांगायला नको. 2010 चे हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणात संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ संपूर्ण वाया गेले. तेव्हा विरोधी बाकावर आपण होतो. मागणी न्याय्य होती, असे मी आजही म्हणतो. पण तेवढे दिवस प्रश्नोत्तराचा तास बंद राहिला, आणि प्रश्नोत्तराचा तास बंद राहिला की सर्वांत निश्चिंत कोण होते? ज्याला पुरवणी प्रश्नाची धास्ती असते, तो मंत्री.

आपल्याकडे शिस्तीचे मोल मोठे आहे, आणि ते योग्यच आहे. काही तरुण कार्यकर्ते मला विचारतात, आपल्याच सरकारला प्रश्न विचारणे हा शिस्तभंग नव्हे का? शिवाय पक्षांतरबंदी कायदा आहे! त्यांना मी सांगतो की 1985 चा तो कायदा नीट वाचा. पक्षादेश मोडल्याची शिक्षा मतदानाला आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तर सदस्यत्व धोक्यात येते. प्रश्न विचारल्याने, चर्चेत आकडे मांडल्याने ते जात नाही. जाते ते पुढच्या वेळचे तिकीट. पण त्याचे कलम घटनेत शोधून उपयोग नाही. फिरोज गांधींनी काँग्रेस सोडली नाही, सरकार पाडले नाही, आणि काँग्रेसनेही त्यांना काढले नाही. 8 सप्टेंबर 1960 रोजी ते गेले, तेव्हा ते रायबरेलीचे काँग्रेस खासदारच होते.

त्यांची आणखी एक कामगिरी आहे. त्या काळी सभागृहात खासदार काहीही बोलू शकत असे, पण ते छापणाऱ्या वृत्तपत्रावर खटला होऊ शके. खासदाराला संरक्षण, संपादकाला नाही. फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणले आणि 1956 मध्ये त्याचा कायदा झाला. संसदेतील कामकाजाचा खरा व सद्हेतूने दिलेला वृत्तांत छापणाऱ्याला त्याने अभय दिले. स्वातंत्र्यानंतर संसदेत संमत झालेली खासगी विधेयके अवघी चौदा, आणि त्यांतले शेवटचे 1970 मधले. मुंदडा प्रकरणातील भाषण दुसऱ्या दिवशी घराघरांत बिनदिक्कत वाचले गेले, ते या कायद्याच्या आधाराने.

आणीबाणीत, डिसेंबर 1975 मध्ये, अध्यादेश काढून हा कायदा रद्द करण्यात आला. विरोधी पक्षांचे कित्येक खासदार तेव्हा तुरुंगात होते. जे सभागृहात उरले होते त्यांच्यापैकी कुणी धैर्याने बोललाच, तरी ते छापण्याची सोय राहिली नाही. फिरोज गांधींचा कायदा इंदिरा गांधींच्या सरकारने पुसला; यावर मी अधिक बोलत नाही. या सभागृहात त्या काळात कारावास भोगलेली मंडळी बसली आहेत.

1977 च्या एप्रिलमध्ये जनता सरकारने तो कायदा नव्याने आणला. लालकृष्ण अडवाणी तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला घटनेतच जागा मिळाली. 1957 मध्ये मागच्या बाकावर बसणारे अटलजी त्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. आणि अर्थमंत्री होते एच. एम. पटेल, 1958 मध्ये छागला आयोगापुढे ज्यांची साक्ष मुंबईकरांनी ध्वनिक्षेपकावरून ऐकली होती, तेच अर्थसचिव.