उत्क्रांतिवादाची कसोटी



चार्ल्स डार्विनचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्यातील नैसर्गिक निवडीचा सिद्धांत शास्त्रज्ञांत सर्वमान्य होण्यास सुमारे ऐंशी वर्षे लागली. ही वर्षे कशात गेली, हे पुरोगामी चळवळीच्या कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

सजीवांच्या जाती बदलत जातात, हा विचार डार्विनपूर्वीचाच. फ्रान्सच्या लामार्कने १८०९ मध्ये तो मांडला. आयुष्यात कमावलेले गुण संततीत उतरतात, अशी त्याची उपपत्ती होती. डार्विन आणि वॉलेस यांनी स्वतंत्रपणे निराळे कारण शोधले. एकाच जातीच्या जीवांत जन्मतः फरक असतात. परिस्थितीला अनुकूल फरक असलेले जीव अधिक टिकतात आणि त्यांचा वंश वाढतो.

उत्क्रांती झाली, हे बहुतेक शास्त्रज्ञांनी दोन दशकांत मान्य केले. नैसर्गिक निवडीविषयी मात्र शंका उरल्या, आणि त्या केवळ धर्ममार्तंडांच्या नव्हत्या. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने आक्षेप घेतला: आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे मिसळत असतील, तर एखादा नवा अनुकूल गुण काही पिढ्यांतच विरून जाईल. डार्विनपाशी याचे समाधानकारक उत्तर नव्हते. ते मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगांत होते. १८६६ मध्ये छापलेला तो निबंध १९०० मध्ये पुन्हा उजेडात आला. गुणांचे वाहक घटक एकमेकांत विरत नाहीत, हे त्यातून दिसले. पुढे फिशर, हॉल्डेन आणि राइट यांनी गणिताच्या आधारे निवड व आनुवंशिकता यांची सांगड घातली. विरोधकाच्या आक्षेपानेच सिद्धांत अधिक भक्कम झाला.

या कार्यात मॉस्कोच्या चेत्वेरिकोव्हचा १९२६ चा निबंधही पायाभूत होता. पण त्याच सोव्हिएत देशात पुढे विपरीत घडले. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लायसेंकोने आपल्या मांडणीस पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचे जाहीर केले, आणि मेंडेलचे शास्त्र ‘बुर्झ्वा’ ठरले. जगभरची बियाणी गोळा करणारा वाविलोव्ह १९४० मध्येच अटकेत पडला होता. १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. माणूस परिस्थितीने घडतो, तसे पीकही हवे तसे घडवता येईल, ही कल्पना समाजवादी मनाला मोहविणारी होती. शेताने ती मानली नाही. १९६४ नंतरच तेथे आनुवंशशास्त्राला पुन्हा मोकळा श्वास घेता आला.

भारतातही या प्रश्नाला निमित्त मिळाले. २०२३-२४ या वर्षासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी निषेधाचे पत्रक काढले. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय होता, असे समर्थन झाले. परंतु दहावीनंतर ज्याला कामावर जावे लागते, त्या कष्टकऱ्याच्या मुलाने काय करावे? जीवशास्त्र घेणाऱ्या मोजक्यांपुरतेच हे ज्ञान राखणे म्हणजे ज्ञानाची नवी मिरासदारी होय.

म्हणून पक्षाच्या अभ्यासवर्गांनी हा विषय हाती घ्यावा. मात्र तेथे डार्विनची पोथी होऊ देऊ नये. पुरावा मांडावा, शंका येऊ द्याव्यात, आक्षेपाचा मान राखावा. मंत्रालयाच्या हुकमाने सत्य खोटे ठरत नाही, तसे ते पक्षाच्या ठरावाने खरेही ठरत नाही.