अधिकारविचार आणि मुलांच्या हाती आलेले आंतरजाल

 

वेदांतप्रकरणाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याचा परिपाठ आहे. विषय, प्रयोजन व संबंध यांच्यासमवेत तेथे ‘अधिकारी कोण?’ हाही प्रश्न विचारला जातो. आंतरजाल तो विचारीत नाही. आठ वर्षांच्या बालकापुढे आणि साठ वर्षांच्या गृहस्थापुढे ते एकच पेटी उघडून ठेवते. तीत अमरकोश आहे; आणि जे दृष्टीस पडताच कोवळे मन करपून जावे, तेही आहे.

तेव्हा शासनानेच ही पेटी बंद करावी, असे कोणासही वाटेल. अमेरिकेने तो प्रयोग करून पाहिला. अल्पवयीनांना दिसेल अशा रीतीने ‘अशिष्ट’ मजकूर जालावर ठेवणे हा तेथे १९९६ साली गुन्हा ठरला. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. अशिष्ट कशास म्हणावे हे कायद्याने नीट सांगितलेच नव्हते. त्यामुळे कलाकृती व रोगनिवारणाची माहितीही त्याच्या कक्षेत येऊ शकली असती, आणि प्रौढांचे वैध वाचनही थांबले असते. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांस मात्र या निर्णयाने अभय मिळाले नाही. तो गुन्हा होता, तो गुन्हाच राहिला.

भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना हेरून जाहिराती दाखविणे यांसही मनाई आहे. यांतील दुसरा भाग अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल; कारण तो वाचकास न बांधता व्यापाऱ्यास बांधतो. पहिल्यात एक अडचण आहे. मूल कोण हे ओळखण्यासाठी मूल नसलेल्यांनाही वयाचा पुरावा दाखविण्याची पाळी येऊ शकते!

‘अधिकार’ या शब्दाचा इतिहासही सर्वस्वी निर्मळ नाही. त्याच शब्दाच्या आधारे स्त्रिया व शूद्र यांना शतकानुशतके वेदाध्ययनापासून दूर ठेवले गेले. श्रीज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणला, तो अशाच बंद दारापुढे. म्हणून अधिकार ठरवावा तो शिष्यास जवळून ओळखणाऱ्याने. दूरच्या कचेरीला कोणते मूल घाबरट आणि कोणते धीट, हे काय कळणार?

पण घरांत घडते ते निराळेच. विपरीत काही पाहिलेले मूल ते सांगावयास येते, आणि पहिली गोष्ट होते ती फोन हिसकावण्याची. ते मूल पुन्हा सांगावयास येत नाही. कोणी त्यास चित्रांवरून धमकावीत असले, तरीही येत नाही. अशा मुलाचे आधी पूर्ण ऐकावे, समोर आलेला संदेश पुसून न टाकता पुराव्यासाठी ठेवावा, आणि प्रसंग गंभीर असल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.