फ्रीमेसनांचा ओळंबा

गुण्या, ओळंबा हीं आपल्या गवंड्यांचीं हत्यारें. हींच खूण म्हणून घेणाऱ्या फ्रीमेसन मंडळींची ग्रँड लॉज १७१७ सालीं लंडनांत निघाली. पुढें तींत शिरले ते बहुतेक दगडाला हात न लावणारे, तें असो!

नियम असा कीं, ईश्वर मानणारा सच्छील पुरुष कोणत्याही धर्माचा असो, तो बंधु. पण मुंबईंत हिंदी माणसाला दार बंद. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांस तेथें नाकारलें, तेव्हां त्यांनीं पॅरिसांत दीक्षा घेतली. अखेर १८४३ सालीं जेम्स बर्न्स साहेबांनीं मुंबईंत ‘रायझिंग स्टार’ लॉज काढली व हिंदी लोक आंत आले.

आम्हांस यांतली एक गोष्ट फार पटली. धर्मग्रंथावर शपथ घेण्याची चाल त्यांनीं मोडली नाहीं. ज्याची त्याची शपथ ज्याच्या त्याच्या ग्रंथावर, एवढेंच केलें. फ्रान्सच्या मंडळींनीं १८७७ सालीं ईश्वराची अटच काढली, तेव्हां इंग्लंडनें त्यांशीं संबंध तोडला.

भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ सालीं झाली. तींत स्त्रियांस अजून प्रवेश नाहीं. चाल जुनी म्हणतात. आम्ही विचारतों, माणकजींपुढें लावलेलें दार तरी कुठें नवें होतें?