मोबाईलवरचा बाजार
(सिद्धेश्वर येथील साक्षरता वर्गात झालेले भाषण)



बैल घ्यायला आपण बाजारात जातो. गेल्याबरोबर पैसे मोजतो का? नाही. आधी बैलाभोवती फिरतो. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मालकाला गाव विचारतो. त्या गावात आपला कोणी ना कोणी पाहुणा असतोच. त्याचं नाव घेऊन बघतो. मग दलाल मधे पडतो. रुमालाखाली हात जातात, बोटं दाबून भाव ठरतो. चार माणसं साक्षीला उभी असतात. इसार दिला जातो, पावती होते, आणि मग दावं आपल्या हातात येतं.

एवढं करूनही कधी बैल मारका निघतो. मग आपण त्या गावी जातो आणि भांडतो. भांडायला माणूस सापडतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते आज ध्यानात घ्यायचं आहे.

आता दुसरा एक बाजार निघाला आहे. तो मोबाईलमध्ये भरतो. ओएलएक्स, क्विकर, फेसबुकचं मार्केटप्लेस अशी त्याची नावं आहेत. जुनी मोटारसायकल, पाण्याची मोटार, म्हैस, ट्रॅक्टर, कपाट, काय पाहिजे ते तिथं मिळतं. वस्तूचा फोटो टाकायचा, किंमत लिहायची, आपला नंबर द्यायचा. घेणारा फोन करतो. बाजार काही वाईट नाही. हिंगोलीला न जाता घरबसल्या गिऱ्हाईक मिळतं. हळदीचा पैसा हाती आला की कितीतरी पोरं त्यावर गाडी पाहत बसतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

पण या बाजाराला वेस नाही. दलाल नाही, साक्षीदार नाही. जाहिरात लावणारी कंपनी म्हणजे एक भिंत समजा. भिंतीवर कोणीही कागद चिकटवावा. कागदावरचं खरं का खोटं, याची हमी भिंत देत नाही.

हे आम्ही कुणाचं ऐकून सांगत नाही. आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. ती गोष्ट आधी सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगतो.

आमच्याकडे बायांच्या वर्गासाठी शिलाईमशीन होत्या. नव्या आल्या, तेव्हा एक जुनी विकायची ठरली. आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता, बी. ए. झालेला, त्याने फोटो काढून जाहिरात टाकली. किंमत लिहिली ५,५०० रुपये. पंधरा मिनिटांत फोन आला.

"मशीन आहे का अजून? मी फौजेत आहे. घरच्यांसाठी पाहिजे."

"आहे. येऊन बघा."

"बघायचं काय त्यात, साहेब? फोटोत दिसतंय की. मला सुट्टी नाही. पैसे आत्ताच पाठवतो. मशीन न्यायला उद्या गाडी येईल."

माणसाने एक रुपयासुद्धा कमी करा म्हटलं नाही. इथंच आम्हाला शंका यायला पाहिजे होती. आपल्याकडे भाजीच्या जुडीला घासाघीस होते, आणि हा न बघता साडेपाच हजार द्यायला तयार! वर त्याने गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं. गावागावांतली पोरं फौजेत आहेत. फौजी म्हटलं की आपला हात आपोआप कपाळाशी जातो. चोराला ते बरोबर माहीत असतं.

मग त्याने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन पाठवला. दुकानात पैसे देताना आपण ज्याचा फोटो काढतो, तोच तो क्यूआर कोड. म्हणाला, "आधी पाच रुपयांचा बघू. हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." आमच्या पोराने तसं केलं. पाच रुपये गेले, पण लगेच त्या माणसाने दहा पाठवले. विश्वास बसला. मग ५,५०० चा चौकोन आला. पिन दाबला. साडेपाच हजार गेले.

"अरे, गेले की!"

"घाबरू नका. मशीनमधे चूक झाली. परत एकदा करा, दोन्ही रकमा येतील." पोरगं घाबरलं होतं. त्याने परत एकदा केलं. आणखी साडेपाच हजार गेले. मग फोन बंद.

आता बघा, यात खरी गोम कुठं आहे. ती तुम्हा सिद्धेश्वरच्या लोकांना जितकी लवकर कळेल, तितकी पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही.

पूर्णा नदीवर वर येलदरीचं धरण आहे, खाली आपलं सिद्धेश्वरचं. येलदरीचं दार उघडलं की पाणी आपल्याकडे येतं. सिद्धेश्वरचं दार उघडलं की पाणी कालव्यात जातं. आता कोणी येऊन म्हणाला, "तुमच्या धरणात पाणी भरायचं आहे, तुमचं दार उघडा," तर तुम्ही काय म्हणाल? म्हणाल, "बाप्पा, डोकं ठिकाणावर आहे का? पाणी यायला वरचं दार उघडावं लागतं. आमचं उघडलं तर आहे तेही जाईल."

यूपीआयचा पिन म्हणजे आपल्या खात्याचं दार आहे. पैसे देणाऱ्याने त्याचा पिन दाबायचा असतो. घेणाऱ्याला काहीच दाबावं लागत नाही. पैसे आपोआप येतात. चौकोन स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, आलेला ओटीपी कुणाला सांगावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पाणी खाली चाललं आहे. समोरचा फौजी असो, बँकेचा साहेब असो, का आपल्या पाहुण्याच्या आवाजात बोलणारा असो.

पूर्वी आणखी एक युक्ती होती. समोरचा आपल्याला पैशाची मागणी पाठवायचा, आणि आपल्याला वाटायचं पैसे आले. माणसामाणसांतली ती मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद केली आहे. चांगलं झालं. पण चौकोन आहेतच. आणि खोटा संदेश तर कोणीही लिहितो. "तुमच्या खात्यात १५,००० जमा" असा संदेश येतो. मागोमाग रडवेला फोन येतो, "दादा, पाच हजारांच्या जागी चुकून पंधरा गेले हो. दवाखान्यात आहे. दहा परत करा." संदेशावर भरवसा ठेवू नये. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी, नाहीतर सरळ बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यावं. तोवर एक पैसा सोडू नये.

कोणी म्हणेल, आपण अडाणी म्हणून फसतो. तसं नाही. २०२१ साली दिल्लीत एका फार मोठ्या पुढाऱ्याच्या घरातल्या, उत्तम शिकलेल्या मुलीने जुना सोफा असाच विकायला काढला. आधी थोडे पैसे आले, मग चौकोन आला. ३४ हजार रुपये गेले. अगदी आमच्या शिलाईमशीनसारखंच. शिक्षणाने हे टळत नाही. ते टळतं दार कुणी उघडायचं हे माहीत असल्याने.

ही फसवणूक करणारे एकटेदुकटे नसतात. हरियाणात नूह नावाचा जिल्हा आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या १४ गावांवर सुमारे ५ हजार पोलिसांनी एकदम छापे घातले. ६६ जणांना अटक झाली. पोलिसांनी हिशेब केला तेव्हा कळलं की देशभरात सुमारे २८ हजार लोकांना गंडवलं होतं, आणि रक्कम १०० कोटींच्या वर होती. खोट्या नावांची सिमकार्डं, दुसऱ्यांच्या नावांची बँकखाती. त्या गावांतले सगळेच लोक तसे नव्हेत. पुष्कळजण आपल्यासारखेच शेतीवर जगतात. पण फोनवर गोड बोलणारा माणूस कुठून बोलतो आहे, हे आवाजावरून कळत नाही, एवढं यातून घ्यावं.

हे विकण्याचं झालं. घेण्याचं याहून सोपं आहे, आणि तरी तिथंच लोक जास्त हावरे होतात. लाखाची मोटारसायकल तीस हजारांत दिसते. मालक पुन्हा फौजीच असतो. बदली झाली म्हणून विकतो म्हणतो. गाडी फौजेच्या पार्सलने येईल, फक्त भाड्याचे तीन हजार भरा. भरले. मग विम्याचे भरा. मग कागदांचे भरा. प्रत्येक वेळी गाडी जवळच्या गावापर्यंत आलेली असते. ती शेवटपर्यंत येत नाही. म्हशीचंही तसंच. फोटोत काळीभोर म्हैस, खाली भरलेली बादली, रोजचं दूध वीस लिटर लिहिलेलं. इसार पाठवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं आहे. अहो, समोर उभी म्हैस दोन वेळा पिळून पाहिल्याशिवाय आपला बाप रुपया सोडत नव्हता. फोटोतली म्हैस कुणी पिळली? आता गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर १२ आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक मागून घ्यावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. जनावराची नोंद असेल तर तिथं कळते. बिल्ला आणि मालक जुळत नसतील तर बोलणंच थांबवावं.

गाडीच्या बाबतीत जरा जास्त बोलतो. कारण तिथं पैसा गेल्यावरही त्रास संपत नाही. आरसी बुक पाहा, आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी आकडा-आकडा जुळवा. तुम्हाला आता आकडे वाचता येतात, मग दुसऱ्याला कशाला विचारता? बँकेचा बोजा चढलेला असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी विकली तर नमुना २९ आणि ३० वर सह्या करून ते आरटीओ कचेरीत नेऊन द्यावे. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. पुष्कळजण सही केलेले कागद नुसते हातात देतात आणि विसरतात. पुढच्याने रस्त्यात कुणाला उडवलं तर? कागदावर ज्याचं नाव, तोच मालक धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. गाडी दुसऱ्याची आणि भरपाईची नोटीस तुमच्या दारी.

जुना मोबाईल घेताना पावती मागावी. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की १५ आकडी क्रमांक दिसतो. सरकारच्या संचार साथीवर तो टाकला की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते कळतं.

सौदा ठरला तर भेट दिवसाउजेडी घ्यावी. बस स्थानकावर, बँकेच्या दारात, चार माणसांत. एकट्याने जाऊ नये. जुन्या बाजारात साक्षीदार फुकट मिळत. इथं ते घरून बरोबर न्यावे लागतात. बायांनो, हे तुम्हालाही सांगतो. मालक म्हणाला "घरी या", तरी घरी जायचं कारण नाही. त्याला वस्तू घेऊन बाहेर येऊ द्या.

आता आमच्या त्या पोराकडे परत येतो. पैसे गेले दुपारी. त्याने आम्हाला सांगितलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. रात्रभर झोपला नाही. आम्ही रागावू, गाव हसेल, म्हणून तोंड दाबून बसला. अकरा हजारांपेक्षा ती एक रात्र आम्हाला महाग पडली. चोर पैसा एका खात्यात ठेवत नाही. या खात्यातून त्या खात्यात, तिथून तिसऱ्यात, आणि मग कुठंतरी यंत्रातून नोटा काढून घेतो. १९३० या नंबरावर लगेच फोन केला तर वाटेतल्या बँकांना कळवलं जातं, आणि जिथं रक्कम सापडेल तिथं ती अडवून धरता येते. कालव्याला भगदाड पडलं तर आपण सकाळची वाट पाहतो का? आम्ही फोन केला तेव्हा खाती रिकामी झाली होती.

म्हणून १९३० हा नंबर आज पाटीवर लिहून ठेवला आहे. सगळ्यांनी वहीत उतरवून घ्या. फोन करताना आपलं नाव, बँकेचं नाव, किती रुपये, किती वाजता, आणि पैसे गेल्याच्या संदेशातला व्यवहार क्रमांक एवढं सांगावं. म्हणून संदेश पुसू नये. चोराचे फोटो, नंबर, बोलणं, काहीच पुसू नये. पोलीस ठाण्यातही जावं. गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते. पूर्वी ज्याला लोक चारसौबीस म्हणत, ते कलम जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ३१८ झालं आहे. संगणक किंवा मोबाईल वापरून, दुसराच कोणी असल्याचं सोंग घेऊन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा आहे. पण खरं सांगायचं तर पिन आपण स्वतः दाबलेला असला की बँक नुकसान सहसा भरून देत नाही.

घरातल्या मोठ्या माणसांना हात जोडून एक विनंती. पोरगं किंवा सून येऊन म्हणाली, "बापू, पैसे गेले," तर पहिल्या तासात रागावू नका. आधी १९३० लावा. रागवायला उद्याचा दिवस आहे.

अकरा हजार आम्ही सगळ्यांनी वर्गणी करून त्या पोराला दिले. त्याने ते घ्यायला फार कां-कूं केली. शिलाईमशीन मात्र पुढे विकली. शेजारच्या गावची एक बाई जाहिरात पाहून सासूला बरोबर घेऊन आली. तिने खुर्ची ओढली, जुन्या साडीचा तुकडा घातला, आणि पाय मारून चांगली हातभर टीप घातली. दोरा ताणून पाहिला. म्हणाली, "पट्टा ढिला आहे, पाच हजार देते." दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणं झालं. शेवटी ५,२०० वर जमलं. तिने तिच्या मोबाईलवर तिचा पिन दाबला. आमच्या पोराने शिल्लक उघडून पाहिली, मग आम्हाला दाखवली, आणि मग आम्ही मशीन उचलून तिच्या ऑटोत ठेवली.

आता ज्यांनी मोबाईल आणले आहेत त्यांनी पुढे येऊन बसा. शिल्लक कशी पाहायची, ते एकेकाने आपल्या हाताने करून बघू.