पावसाळ्यापूर्वी शाळेचे छप्पर
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



रोहिणी नक्षत्र लागले की शेतकरी आपले घर शाकारून घेतो. मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. शाळेची गोष्ट मात्र निराळी होते. सुटी लागताच दाराला कुलूप लागते, आणि जूनमध्ये ते निघते तेव्हा पाऊस मुलांच्या आधीच वर्गात येऊन बसलेला असतो. मग मुले कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसतात, तक्ते भिजतात आणि सारा पावसाळा अध्यापन गळतीच्या सोयीने चालते. पुष्कळदा या साऱ्याच्या मुळाशी दोन-चार फुटकी कौलेच असतात. म्हणून छपराची पाहणी एप्रिलमध्ये, सुटी लागण्यापूर्वीच झाली पाहिजे.

कौलारू छपराची पाहणी खालूनच करता येते. भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर्गात उभे राहावे व वर पाहावे. कौलांच्या सांध्यांतून अंधुक उजेड येतोच. परंतु जेथे स्पष्ट कवडसा पडतो, तेथे कौल फुटलेले किंवा सरकलेले आहे असे समजावे. वर्गाचा आयत कागदावर काढून त्यात अशा जागा खुणेने दाखवाव्यात. पहिल्या सरीनंतर थेंब कोठे पडतात, तेही त्याच कागदावर नोंदवावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छिद्रातून आलेले पाणी वाशावरून वा रिपेवरून ओघळत येते आणि मग खाली पडते. त्यामुळे थेंबाच्या नेमके वर छिद्र असेलच असे नाही. ते बहुधा आढ्याच्या बाजूस, अधिक उंचावर सापडते.

नवे कौल आणताना जुन्याचा नमुना सोबत न्यावा. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा सारख्या नसतात. खाच जुळली नाही तर नवे कौलही गळते. छपरावर साचलेला पालापाचोळा पाणी अडवितो व ते कौलाखाली ढकलतो, म्हणून तो काढून घ्यावा आणि छपरावर आलेल्या फांद्या परवानगीने छाटून घ्याव्यात. वर चढण्याचे काम मात्र गावातील सवयीच्या शाकारणाऱ्याकडेच सोपवावे. मुलांना छपरावर कदापि चढवू नये. सिमेंटचे पत्रे तर वजनाने एकाएकी फुटतात. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून ते शाळेत फोडू, कापू वा घासू नयेत.

लाकडाची परीक्षाही सोपी आहे. भिंतीवरून वाशाकडे मातीच्या बारीक नळ्या गेलेल्या दिसल्या तर ती वाळवी होय. वाशावर काठीने ठोकल्यास पोकळ आवाज येत असेल, किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत शिरत असेल, तर तो वासा सुताराला दाखवावा.

स्लॅबच्या इमारतीत पन्हळाचे तोंड मोकळे ठेवणे हे पहिले काम. ते तुंबले की गच्चीवर पाणी साचते व हळूहळू आत झिरपते. आतील लोखंडी सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतात. छताला तांबूस ओघळ आले, पोपडे सुटले किंवा खडे पडू लागले, तर त्यावर नुसता गिलावा करू नये. गिलाव्याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. अशा वेळी शिक्षकाने हाती थापी घेण्याऐवजी तो वर्ग तत्काळ रिकामा करावा आणि त्याच दिवशी लेखी कळवावे. दिनांक २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील शासकीय शाळेची इमारत कोसळून सात मुले दगावली. मुले आत असताना धोका पत्करण्यापेक्षा चार दिवस झाडाखाली वा देवळाच्या ओवरीत वर्ग भरविणे केव्हाही श्रेयस्कर.

भिंतीला भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी व भेगेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवावी. दर पंधरवड्यास पाहावे. पट्टी फाटली किंवा भेग रेघेपुढे गेली, तर भिंत हलत आहे असे समजून अभियंत्यास पाचारण करावे. तिरकी व वाढती भेग तर कधीच दुर्लक्षू नये.

या सर्व नोंदींसाठी एक स्वतंत्र वही करावी. तीत तारीख, जागा, काय दिसले, काय केले, कोणास कळविले व उत्तर काय आले, एवढे लिहावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. वहीतील मोठ्या दुरुस्त्या त्या आराखड्यात घालून घ्याव्यात. ‘छप्पर गळते’ या तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार नोंद व आकृती यांना कार्यालयात अधिक वजन येते. शिक्षकाची बदली होते, पण वही शाळेतच राहते. आणि पुढच्या एप्रिलमध्ये नवा शिक्षक वर पाहू लागतो, तेव्हा कोठे पाहावे हे त्याला आधीच ठाऊक असते.