पॅचमधील अनाहूत फेरफार



मुक्त स्रोत आज्ञावली ही सार्वजनिक पाणवठ्यासारखी असते. ती कोणीही वापरावी, तपासावी आणि केलेली सुधारणा सर्वांच्या स्वाधीन करावी, अशी तिची रीत आहे. ही सुधारणा ज्या टिपणातून पाठवितात, त्याला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. कोणती ओळ वगळली व कोणती घातली, याची नोंद त्यात असते. असे टिपण मूळ प्रतीवर चढविणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये उपलब्ध करून दिली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ‘गिट’ ही प्रणाली आज या कामी सर्वत्र वापरली जाते.

मूळ मजकुराबरोबर बहुधा एक प्रकल्प-फाइल असते. कोणत्या फायली घ्यावयाच्या व त्या कशा जोडावयाच्या, याची ती जंत्री होय. अडचण येथेच उद्भवते. ॲपलच्या ‘एक्सकोड’चे उदाहरण पाहावे. एखादा स्वयंसेवक दोन ओळींची चूक दुरुस्त करतो. परंतु ती स्वतःच्या फोनवर चालवून पाहण्यासाठी आपल्या स्वाक्षरी-गटाचा क्रमांक निवडतो आणि नव्या आवृत्तीने सुचविलेल्या शिफारशींना होकार देतो. हे सारे प्रकल्प-फाइलमध्ये उतरते आणि दुरुस्तीच्या पाठीवर बसून पॅचमध्ये येते.

यामुळे तपासनिसाचे लक्ष विभागते, दोघांच्या बदलांत संघर्ष होतो आणि परका क्रमांक मूळ प्रतीत शिरल्यास इतरांची बांधणी अडते. वारसाच्या फेरफारात शेजारच्या गटाचे क्षेत्रही बदललेले दिसले, तर नोंद प्रमाणित करणाऱ्याचा हात थबकतो. तसेच हे आहे.

‘ती फाइल कोण वाचतो?’ ही वृत्ती किती महाग पडू शकते, हे मार्च २०२४ मध्ये दिसून आले. ‘एक्सझेड’ या लिनक्सवरील प्रचलित साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. तिला वाट करून देणाऱ्या ओळी वितरण-संचातील बांधणीच्या फायलीत दडविल्या होत्या. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानी आले, म्हणून ती उघडकीस आली.

उपाय साधे आहेत. पाठविणाऱ्याने आपला पॅच आधी स्वतः ओळीने वाचावा. ‘गिट ॲड’ या आज्ञेला ‘पी’ हा पर्याय जोडल्यास बदल तुकड्यातुकड्याने निवडता येतात; उरलेली प्रकल्प-फाइल पूर्ववत करावी. तिला दुर्लक्ष-यादीत टाकून मात्र भागत नाही. ती सर्वांना लागते, शिवाय आधीच नोंदलेल्या फायलीस ती यादी लागू होत नाही. व्यक्तिगत क्रमांक वेगळ्या स्थानिक फायलीत ठेवून ती फाइल त्या यादीत घालणे श्रेयस्कर.

प्रकल्प-फाइलला हात लावूच नये, असा याचा अर्थ नव्हे. नवी फाइल जोडली, तर जंत्रीत तिची नोंद हवीच. आवृत्ती बदलणे खरोखर आवश्यक असेल, तर त्यासाठी स्वतंत्र पॅच द्यावा. एका पॅचमध्ये एकच सुसंगत बदल असावा, हा लिनक्सच्या गाभ्याचाही दंडक आहे.

तपासनिसानेही सौजन्य राखावे. अनावश्यक ओळी बहुधा साधनाने घातलेल्या असतात, माणसाने नव्हे. नवख्याचा पॅच नाकारण्यापेक्षा कोणत्या ओळी काढाव्यात हे त्यास सांगावे. त्याची दोन ओळींची दुरुस्ती पदरात पडते आणि पुढच्या कामासाठी एक जाणता हातही लाभतो.